१३८/८८ : जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना एका निवृत्त सिस्टरचं खुलं पत्र

मा. जिल्हा आरोग्य अधिकारी साहेब,

सविनय नमस्कार.

मी ३१ वर्षं आरोग्य सेविका होते. त्यातली शेवटची १४ वर्षं एकाच उपकेंद्रात काढली आणि मागच्या जूनमध्ये निवृत्त झाले. जिल्ह्याचं, गावाचं नाव इथं मुद्दाम लिहीत नाही. विदर्भातल्या कुठल्याही तालुक्यातल्या सिस्टरनं हे वाचलं तर तिला हे आपल्याच उपकेंद्राबद्दल आहे असं वाटेल. नोकरीत असते तर हे पत्र लिहिलं नसतं. वर्तणूक नियमांचा धाक होताच, पण खरं सांगायचं तर धाकापेक्षा थकवा जास्त होता.

पोळा झाल्यावर तुमच्या कार्यालयातून एक आदेश निघाला. ३० वर्षांवरच्या उरलेल्या सगळ्या लोकांचं बीपी-शुगरचं स्क्रीनिंग १५ दिवसांत १०० टक्के पूर्ण करा, ज्या उपकेंद्राचं काम मागे राहील तिथल्या सेविकेला कारणे दाखवा नोटीस. माझ्या जागी आलेल्या पोरीला तो रात्री पावणेअकराला व्हॉट्सॲपवर मिळाला. तिनं मला फोन केला. ‘‘ताई, कसं करू?’’ एवढंच म्हणाली. मला उत्तर देता आलं नाही, कारण मला एकच उत्तर माहीत होतं आणि ते तिला शिकवायची माझी इच्छा नव्हती.

आधी साधा हिशेब. उपकेंद्राची लोकसंख्या ५,००० धरली तर स्क्रीनिंगच्या सरकारी कार्यक्रमाच्या अंदाजाप्रमाणे ३० वर्षांवरचे ३७ टक्के, म्हणजे १,८५० लोक. तिच्या नोंदीत त्यातले ९०० राहिलेत. १५ दिवसांतून दोन रविवार काढा, लसीकरणाची तीन सत्रं काढा, गरोदर मातांच्या तपासणीची ९ तारीख काढा. उरले नऊ दिवस, म्हणजे रोज शंभर माणसं. आठ तास अखंड बसली, पाणी प्यायलाही उठली नाही, तरी एकाच्या वाट्याला पाच मिनिटंसुद्धा येत नाहीत. वरून हे दिवस सोयाबीनच्या सोंगणीचे. सकाळी सहाला गाव वावरात जातं ते दिवे लागायला परत येतं. घरी सापडतात म्हातारी माणसं, लेकरं आणि बाळंतिणी. ज्यांचं मोजायचं ते ३५ ते ६० वयाचे लोक धुऱ्यावर आहेत.

तरीही काम १०० टक्के होईल, साहेब. तुम्हाला तक्ता हिरवा झालेला दिसेल. तो कसा होतो ते सांगते.

तीन वर्षांपूर्वी अशीच मोहीम होती. समाज मंदिरात मी आणि आशाताई. दुपारी बारापर्यंत साठेक लोक झाले होते, तीसेक रांगेत. मशीनचे सेल उतरलेले, मधूनमधून ‘एरर’ दाखवत होती. एक कास्तकार आला, वय ४७. फवारणी अर्धी टाकून आलेला, पाठीवर पट्ट्याचे ओले वळ. ‘‘लवकर आटपा नं सिस्टर, पंप भरून ठेवला हाय.’’ मी शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला. आकडा आला १६८/१०४. मी त्याला म्हटलं, उन्हातून आलास, दहा मिनिटं बस, परत पाहू. तो बाहेर गेला, बिडी ओढली आणि तिथूनच वावरात निघून गेला. स्क्रीनिंगच्या ॲपमध्ये १४० च्या वरचा आकडा टाकला की पुढचं सगळं उघडतं. रेफरल करा, कुठे पाठवलं ते भरा, आठ दिवसांनी पाठपुरावा दाखवा. रांगेतले तीस जण माझ्याकडे बघत होते. मी १३८/८८ लिहिलं. पुढच्या भेटीत नीट मोजू, असं मनाशी म्हटलं.

ती पुढची भेट झाली कापूस वेचणीच्या वेळी. त्याला वावरातच लकवा मारला. आधी घरच्यांनी लकव्याचं औषध देणाऱ्याकडे नेलं, मग १०८ बोलावली, तालुक्याला, तिथून नागपूरला. रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि इतका वेळ आमच्याकडे गाव आणि डांबरी रस्ता यांच्यातच निघून जातो. माणूस वाचला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, बोलणं अर्धं गेलं. शेती आता बायको करते. मी गेले तेव्हा तिनं चहा ठेवला आणि चुलीसमोरूनच विचारलं, ‘‘सिस्टर, तुमी तं मोजलं होतं नं? तवा तं काई नव्हतं म्हने.’’

नोंद माझ्या हातची आहे. दोष माझा आहे आणि तो मी कुणावर ढकलत नाही. पण तसा आकडा लिहावा लागेल अशी सोय पुन्हा करू नका, म्हणून हे पत्र.

आमच्या भागात हा एकट्या माणसाचा किस्सा नाही. गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेनं ८६ गावांत मृत्यूंची कारणं शोधली तेव्हा सगळ्यात वर पक्षाघात निघाला, सुमारे १४ टक्के मृत्यू, आणि त्यातले बहुतेक घरातल्या खाटेवर झालेले. साप, मलेरिया, हगवण ही आमची ओळखीची भीती. बीपीची भीती कुणाला वाटत नाही, कारण ते दुखत नाही.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार मोजण्याबद्दल. तुमच्या आदेशात मोजणं म्हणजे पट्टा बांधून बटण दाबणं. प्रशिक्षणात आम्हाला सांगतात ते वेगळंच असतं, आणि सांगतात ते बरोबर असतं. माणूस पाच मिनिटं शांत टेकलेला हवा. पाठीला आधार, पाय जमिनीला टेकलेले, पायावर पाय नाही. दंड उघडा, हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला. अर्ध्या तासात चहा, बिडी, खर्रा झालेला नसावा. लघवी दाबून बसलेला नसावा. मोजताना बोलायचं नाही, त्यानंही आणि आपणही. एक-दोन मिनिटांच्या अंतरानं दोनदा मोजायचं आणि सरासरी लिहायची. १४०/९० च्या वर आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहून खात्री करायची. १८०/११० च्या वर असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरपुढे उभं करायचं. हात लोंबकळत ठेवला, गप्पा मारल्या, तर आकडा उगाच चढतो आणि धडधाकट माणूस विनाकारण घाबरतो. बाकावर पाच-सहा जण एकदम टेकवता येतात, सगळ्यांची पाच मिनिटं एकत्र निघतात, हे मलाही कळतं. तरी दोनदा मोजणं, कंबर, वजन-उंची, बोटाचं रक्त आणि दोन शब्द बोलणं धरून एका माणसाला दहा-बारा मिनिटं लागतातच. दिवसाला चाळीस नीट होतात. शंभर होत नाहीत.

जागा मात्र आम्हाला निवडू द्या. मला सगळ्यात चांगली जागा सापडली ती रेशन दुकानाच्या ओट्यावर. धान्य आलं की अख्खं गाव तिथं येतं, अंगठा उठेपर्यंत निवांत बसलेलं असतं, पाच मिनिटांची विश्रांती आपोआप झालेली असते. दुसरी जागा भजनाची, रात्री आठनंतर. पण रेशन दुकानाचं ठिकाण ‘सत्र’ म्हणून दाखवता येईना, म्हणून एका पाहणीत मला त्याबद्दल बोलणी खावी लागली. असो.

दुसरी तक्रार साधनांची, ती थोडक्यात. मशीनबरोबर एकाच मापाचा पट्टा येतो, तो साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर दंडासाठी. निंदण-वेचणी करणाऱ्या बायांचे दंड मी टेपनं मोजलेत, कितीतरी जणींचे २० च्या आसपास. मोठा पट्टा बारीक दंडावर गुंडाळला की बीपी आहे त्यापेक्षा कमी दिसतं. म्हणजे जिची तब्येत सगळ्यात दुबळी तिचाच आजार मशीन लपवते. उलट किराणा दुकानदाराच्या जाड दंडावर तोच पट्टा बीपी जास्त दाखवतो. लहान, मध्यम, मोठा असे तीन पट्टे किती रुपयांचे असतील? सेल आम्ही खिशातून आणतो. शुगरच्या पट्ट्या ३० अंशांच्या खाली ठेवा असं डबीवर छापलेलं असतं, आणि मे महिन्यात पत्र्याच्या उपकेंद्रात ४५ अंश असतात. आमच्याकडे लसींसाठी थंड पेटी आहे, पट्ट्यांसाठी माझी माठाशेजारची जागा होती. बोटाचं रक्तही शहरातल्यासारखं येत नाही. कापूस वेचून, विळा धरून बोटांची टोकं चामड्यासारखी झालेली असतात. अनामिकेच्या बाजूला टोचावं लागतं, त्याआधी हात धुवावे लागतात, नाहीतर गुळाच्या चहाचीच शुगर मोजली जाते. १४० किंवा त्याच्या वर आलं तर उपाशीपोटी तपासायला पाठवायचं हे सगळ्यांना पाठ आहे. हात धुवायला पाणी ठेवा हे मात्र कुठल्याच आदेशात नसतं.

तिसरी तक्रार फॉर्मबद्दल. आशाताई घरोघरी जो फॉर्म भरते त्यात वय, तंबाखू, दारू, कंबर, व्यायाम आणि घरातला आजार यांना गुण आहेत, चारच्या वर गेले की त्या माणसाला आधी बोलवायचं. कल्पना चांगली आहे. पण प्रश्न आमच्या माणसांसाठी लिहिलेले नाहीत. ‘आठवड्यातून १५० मिनिटं शारीरिक हालचाल करता का?’ असं पहाटेपासून सोंगणी करून आलेल्या बाईला विचारायला आशाताईची जीभ रेटत नाही. तंबाखूचं तर विचारूच नका. मी एकाला विचारलं, गुटखा खाता का? तो म्हणाला, ‘‘नाई जी, गुटख्यावर तं बंदी हाय.’’ आणि हे सांगताना डाव्या तळहातावर पन्नीतला खर्रा घोटत होता. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घोटून. दिवसाला चार-पाच पन्न्या. त्याच्या मते ते तंबाखूत येतच नाही, ‘खर्रा’ असतो तो. बायांना ‘तंबाखू?’ विचारलं तर पदर तोंडावर आणि मान नाही म्हणते. ‘दात कायनं घासता?’ विचारलं की गुडाखूची, म्हणजे तंबाखूच्या पेस्टची, डबी निघते.

तसंच छातीचं. ‘छातीत वेदना होतात का?’ याला सगळे नाही म्हणतात, कारण आमच्याकडे छातीत वेदना होत नाही, ‘गॅस’ होतो. मी असं विचारत असे, ‘‘डोक्यावर भारा घेऊन चालताना छाती आवळल्यावानी होते का? उभं राह्यलं का मोकळं वाटते का?’’ या एका प्रश्नावर मला मागच्या काही वर्षांत चार माणसं सापडली, त्यातल्या दोघांची पुढे नागपुरात अँजिओप्लास्टी झाली. दुसरा प्रश्न, ‘‘कधी हात-तोंड वाकडं होऊन घंटाभरात आपोआप बरं झालं होतं का?’’ असं होऊन गेलेल्याला फॉर्मचे गुण मोजत बसायचं कारण नाही. त्याला पुढचा झटका कधीही येऊ शकतो, सरळ डॉक्टरकडे न्यायचं.

कंबर मोजायचं एक वेगळंच. गड्याच्या कमरेला बाईनं टेप लावायचा म्हटलं की चावडीवर हशा पिकतो, आणि मग आशाताई अंदाजानं ८५ लिहून मोकळी होते. पुरुषांना ९० आणि बायांना ८० सेंटिमीटरची मर्यादा आहे. मी टेपवर त्या दोन जागी लाल धागा शिवून घेतला होता आणि गड्यांना म्हणायचे, तूच गुंडाळ, बेंबीच्या जरा वर, श्वास सोडून, धागा पुरतो का तेवढं सांग. पुरत नसेल तर पुढचा आकडा मी वाचे. हे शिकवायला पंधरा मिनिटं पुरतात. मला कुणी शिकवलं नाही आणि नंतर मीही कुणाला शिकवू शकले नाही, कारण मासिक सभेत अख्खा वेळ टक्केवारी वाचण्यात जातो.

चौथी गोष्ट तक्रारीपेक्षा आश्चर्याची आहे. बीपीचा एक आकडा म्हणजे हृदयाचा धोका नव्हे. धोका सगळं मिळून ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये त्यासाठी रंगीत तक्ते सुधारून दिलेत, दक्षिण आशियासाठी वेगळा आहे. त्यातल्या एका तक्त्याला रक्ततपासणीसुद्धा लागत नाही. ४० ते ७४ वयाच्या माणसाचं लिंग, वय, धूम्रपान, वरचं बीपी आणि वजन-उंचीवरून निघणारा बीएमआय, एवढं घेऊन बोट सरकवत चौकोनापर्यंत यायचं. चौकोनाचा रंग सांगतो की पुढच्या दहा वर्षांत या माणसाला हृदयविकाराचा किंवा लकव्याचा झटका यायची शक्यता किती. हिरवा म्हणजे ५ टक्क्यांच्या आत, मग पिवळा, नारिंगी, लाल आणि ३० च्या वर गडद लाल. जी बाई बाळाच्या वाढीचं कार्ड भरते तिला हा तक्ता वाचता येणार नाही, असं कुणी म्हणू नये. एका शिबिरात एका तरुण डॉक्टरनं मला तो मोबाइलवर दाखवला तोवर मला तो असल्याचंही माहीत नव्हतं. मी झेरॉक्स काढून भिंतीला लावला. रंग गेले, म्हणून आशाताईच्या पोराकडून स्केचपेननं रंगवून घेतले.

त्या तक्त्याचा फायदा आकड्याच्या पलीकडचा आहे. १५२ म्हटलं तर कास्तकाराला काही वाटत नाही. पण ‘तुझ्यासारखे दहा गडी उभे केले तर दहा वर्षांत त्यातल्या दोघांना झटका येऊ शकतो, आणि बिडी सोडली तर तू या बाजूच्या रकान्यात जातोस’ असं बोट ठेवून दाखवलं की तो खाली वाकून बघतो. मी पाहिलंय.

पण तक्ता आंधळेपणानं वापरूनही चालत नाही. त्यात धूम्रपान धरलंय, खर्रा नाही. बिनरक्ताच्या तक्त्यात शुगरचा आजार धरलेला नाही. आणि आमचा माणूस मुळात बारीक, त्यामुळे बीएमआयच्या रकान्यात तो सुरक्षित बाजूला बसतो. ‘‘मी तं वावरात राबतो, मले कायची बीपी?’’ हे तर रोजचं ऐकणं. बीपी १६०/१०० च्या वर असेल तर चौकोनाचा रंग कोणताही असो, औषध लागतंच. हे सगळं सिस्टरला समजावून सांगा आणि मग तक्ता तिच्या हातात द्या.

पाचवी तक्रार सगळ्यात मोठी. मोजून झाल्यावर काय?

निदान करणं आणि औषध ठरवणं डॉक्टरांचं काम आहे, त्यात आम्हाला हात घालायचा नाही. पण ठरलेली गोळी दर महिन्याला हातात देणं, आकडा पाहणं, न आलेल्याच्या घरी जाणं, हे काम आमचंच आहे आणि आमच्याइतकं कुणाला जमणार नाही. आमच्या उपकेंद्रापासून प्राथमिक आरोग्य केंद्र १८ किलोमीटरवर. एसटी दिवसातून दोनदा. जाऊन आलं की एका दिवसाची रोजी बुडाली. तिथं कधी १५ दिवसांच्या गोळ्या मिळतात, कधी आठ, कधी ‘संपल्या, पुढच्या आठवड्यात या’. दोनदा असं झालं की माणूस तिसऱ्यांदा जात नाही. वरून गावात समज असा की ‘‘गोयी एकडाव सुरू झाली का मंग मरेपर्यंत सुटत नाई’’. तो समज आम्ही महिनाभर बोलून काढतो आणि एक रिकामं कपाट तो परत बसवतं. बीपीची गोळी मध्येच तुटणं वाईट, आणि ती सरकारनं तोडली की माणूस परत येत नाही.

हे जमत नाही असं नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह’मध्ये महाराष्ट्रातले जे पहिले जिल्हे होते त्यात सिंधुदुर्ग आणि साताऱ्याबरोबर आपल्या विदर्भातले भंडारा आणि वर्धा होते. ठरलेली दोन-तीन औषधं, ठरलेल्या पायऱ्या, महिनाभराच्या गोळ्या, घराजवळच्या केंद्रातून पुन्हा पुरवठा, आणि प्रत्येक रुग्णाचं बीपी खाली आलं की नाही याची नोंद. त्या कामाला २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. दिल्लीनंही २०२३ च्या १७ मे रोजी जे उद्दिष्ट जाहीर केलं ते बीपी-शुगरच्या साडेसात कोटी रुग्णांना २०२५ पर्यंत नीट उपचारात आणण्याचं होतं. उपचारात, साहेब. पण ते तालुक्यापर्यंत येता येता त्याचं ‘किती जणांचं मोजलं’ एवढंच उरतं, कारण मोजल्याचा आकडा एका रात्रीत भरता येतो आणि खाली आलेल्या बीपीचा भरता येत नाही.

माझ्या मागण्या अशा.

हा १५ दिवसांचा आदेश मागे घ्या आणि नोटिशींची धमकी त्याबरोबरच. मुदत द्यायचीच असेल तर सोंगणी-वेचणी संपल्यावर, संक्रांतीनंतर, उन्हाळा लागायच्या आधी द्या, आणि रोजची मर्यादा ४० च्या वर ठेवू नका. वेळ सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, जागा सिस्टर ठरवेल. एखाद्या उपकेंद्रानं दिवसात शंभर नोंदी केल्या तर शाबासकी देण्याआधी त्यातल्या दहा माणसांचं स्वतः जाऊन पुन्हा मोजा. त्या रजिस्टरमध्ये १२०/८० आणि १३०/८० किती वेळा आलंय तेही बघा. खऱ्या माणसांचे आकडे इतके गोल नसतात.

प्रत्येक मशीनला तीन मापांचे पट्टे, वर्षातून एकदा मशीनची पारख, आणि सेलचा खर्च अबंधित (गरजेप्रमाणे वापरता येणाऱ्या) निधीतून, चार सह्या न मागता.

उपकेंद्रात बीपीच्या गोळ्यांचा किमान दोन महिन्यांचा साठा असावा. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या, बीपी आटोक्यात असलेल्या रुग्णाला एका वेळी ३० दिवसांच्या गोळ्या तिथेच मिळाव्यात. ज्याला अजून डॉक्टर भेटले नाहीत त्याच्यासाठी आठवड्यातला एक ठरलेला वार ई-संजीवनीवर, म्हणजे व्हिडिओवरून डॉक्टरांशी बोलायला, ठेवा, आणि त्या दिवशी पलीकडे खरंच कुणीतरी बसलेलं असू द्या. लकवा झालेल्या त्या कास्तकाराच्या डबीत परवा आठ गोळ्या होत्या, केंद्रात साठा नव्हता. पुढच्या गोळ्या त्याच्या बायकोनं मेडिकलमधून उधारीवर आणल्या.

फॉर्मच्या प्रश्नांना आमच्या बोलीतली एक पुरवणी जोडा. खर्रा, गुडाखू, भारा, गॅस हे शब्द त्यात येऊ द्या. फॉर्म दिल्लीचा आहे, तो बदलता येत नाही हे मला माहीत आहे. पुरवणी तुमच्या सहीनं निघू शकते.

धोक्याचा तक्ता रंगीत छापून प्रत्येक उपकेंद्रात लावा, आणि एक दिवसाचं प्रशिक्षण द्या. पडद्यावरचं नको. एकमेकींचे दंड मोजून, एकमेकींचं बीपी घेऊन. आमच्या कितीतरी सिस्टरांचं स्वतःचं बीपी कुणी पाहिलेलं नाही, हे त्या निमित्तानं कळेल.

आणि महिन्याच्या सभेत दुसरा प्रश्न विचारा. किती जणांचं स्क्रीनिंग झालं हे विचारा हवं तर, पण त्याच्या आधी हे विचारा की तुझ्याकडचे बीपीचे रुग्ण किती, त्यातले या महिन्यात गोळी न्यायला किती आले, आणि १४०/९० च्या खाली किती. हा आकडा पहिले सहा महिने वाईट येईल. तो वाईट आला म्हणून नोटीस काढू नका, नाहीतर तोही चांगला यायला लागेल, आणि कसा ते मी वर लिहिलंच आहे.

शेवटचं एक. २०२२-२३ च्या दरम्यानच्या माझ्या उपकेंद्रातल्या नोंदी पुन्हा तपासायच्या असतील तर मी घरोघरी यायला तयार आहे. कोणत्या आकड्यांवर माझा भरवसा नाही ते मला आठवतं, मी यादी काढून ठेवली आहे, त्यात ३७ नावं आहेत. त्यातल्या २९ जणांचं मी गेल्या दोन महिन्यांत स्वतःच्या मशीनवर परत मोजलं. ११ जणांचं वर निघालं. यादी माझ्या जागी आलेल्या सिस्टरला दिली आहे, तिला त्यावरून विचारणा होऊ नये. उरलेले आठ जण कामाला बाहेरगावी गेलेत, दिवाळीला येतील.

प्रशिक्षणाला बोलावलंत तर येईन. मानधन नको, एसटीचं तिकीट मी काढते.

आपली नम्र,
एक निवृत्त आरोग्य सेविका